शेडच्या छपरासाठी कडक फोमचे इन्सुलेशन निवडताना: आधी छपराची रचना, मग तक्ता

घराला लागून किंवा घरापासून थोड्या अंतरावर बांधलेली शेड, मग ती कार्यशाळा असो, गॅरेज असो, सामानाची खोली असो किंवा बसून काम करण्यासाठी उभारलेली छोटी खोली असो, उन्हात लवकर तापते आणि थंडीत लवकर गारठते, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण बहुधा तिचे पातळ छप्पर असते. अशा छपराला कडक फोमचे तक्ते लावणे हा चांगला उपाय आहे, कारण ते वजनाला हलके असतात, थोड्या जाडीत बरीच उष्णता अडवतात आणि साध्या हत्यारांनी कापता येतात. मात्र बहुतेक जण दुकानात जाऊन थेट ‘कोणता फोम चांगला’ असे विचारतात, आणि हा प्रश्न चुकीच्या क्रमाने विचारलेला असतो. फोमचा थर छपरात नेमका कोठे बसणार, तेथे किती ऊन आणि किती ओल पोहोचणार, खालून त्यावर कोणते आच्छादन येणार, हे ठरल्याशिवाय कोणताही तक्ता चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही. म्हणून या लेखात निवडीचा क्रम तसाच ठेवला आहे: वापर, थराची जागा, ओल, फोमचा प्रकार, जाडी, आग, आणि शेवटी खरेदी व बसवणी.

पहिली पायरी: शेडचा वापर ठरवणे

केवळ अवजारे आणि जुने सामान ठेवण्याच्या शेडला बहुधा इन्सुलेशनपेक्षा वायुवीजनाची गरज अधिक असते. आठवड्यातून एखाद्या वेळी काम करण्याच्या जागेला मध्यम जाडीचा थर पुरतो. रोज तासन्‌तास बसण्याच्या, हीटर किंवा एअर कंडिशनर चालणाऱ्या खोलीसाठी मात्र घराच्या छपराइतकीच काळजी घ्यावी लागते.

वापराचा विचार करताना तापमानाइतकाच ओलीचाही विचार करावा. माणसाच्या श्वासातून आणि घामातून सतत बाष्प बाहेर पडते. कपडे वाळत घातले, रोपे ठेवली किंवा धुण्याचे काम केले तर ते कितीतरी वाढते. धुराडे नसलेला गॅस हीटर तर या बाबतीत फार त्रासदायक असतो, कारण १ किलो एलपीजी जळताना सुमारे दीड किलो पाणी बाष्परूपाने हवेत येते. बंद शेडमध्ये त्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोकाही असतो, त्यामुळे असा हीटर शेडमध्ये वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: थर कोठे बसणार

छपरात फोम बसवण्याच्या मुख्य जागा तीन आहेत. पहिली म्हणजे वाशांवरच्या फळ्यांच्या किंवा प्लायवूडच्या वर आणि बाहेरच्या आच्छादनाच्या खाली. या रचनेत लाकडी सांगाडा संपूर्णपणे इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला राहतो, थर अखंड पसरतो आणि लाकडावर दव धरण्याची शक्यता कमी होते. नवे छप्पर घालायचे असेल किंवा जुने आच्छादन नाहीतरी बदलायचे असेल, तर हीच रचना निवडावी. तिची अडचण एवढीच की छपराची उंची फोमच्या जाडीइतकी वाढते, वळचणीची पट्टी रुंद करावी लागते आणि पन्हळीची जागा बदलावी लागते.

दुसरी जागा वाशांच्या मधली. बाहेरचे छप्पर धड असेल आणि काम आतूनच करायचे असेल, तर सहसा हाच मार्ग उरतो. येथे फोमच्या वर आणि छपराच्या फळीखाली किमान ५० मिलिमीटरची मोकळी फट ठेवून ती एका वळचणीपासून दुसऱ्या वळचणीपर्यंत, किंवा वळचणीपासून आढ्यापर्यंत, हवेसाठी खुली ठेवावी लागते. वासे १०० मिलिमीटर खोल असतील तर ही फट सोडून फोमला फक्त ५० मिलिमीटर मिळतात, आणि जाडीचा प्रश्न येथेच खरा उभा राहतो.

तिसरी जागा वाशांच्या खाली, म्हणजे आतल्या छताच्या बाजूने. एकट्या थरासाठी ती क्वचितच वापरली जाते, कारण खोलीची उंची कमी होते. पण वाशांमधल्या थराला जोड म्हणून ती फारच उपयोगी पडते, आणि तिचे गणित पुढे दिले आहे.

नुसत्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेल्या नालीदार पत्र्याची शेड ही वेगळी बाब आहे. तेथे पत्र्याच्या खालच्या बाजूला सपाट तक्ता चिकटवला की प्रत्येक नालीत पोकळी राहते, आतली दमट हवा तेथे पोहोचते आणि रात्री पत्रा थंड झाल्यावर तिचे पाणी होऊन तक्त्यावर ठिबकते. पत्रा उतरवता येत असेल तर तक्ते आडव्या पट्ट्यांवर अखंड पसरून, सांधे बंद करून, त्यावर उभ्या रिपा ठोकून मग पत्रा बसवावा. पत्रा उतरवता येत नसेल तर तक्ते पट्ट्यांच्या खालून लावावेत, त्यांच्या वरची पोकळी दोन्ही टोकांना हवेशीर ठेवावी आणि तक्त्यांचे सांधे खालून पूर्ण बंद करावेत.

तिसरी पायरी: दव कोठे धरेल

२० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे १२ अंश असतो. म्हणजे त्या हवेला १२ अंशांपेक्षा थंड पृष्ठभाग लागला की त्यावर पाणी जमते. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंश अधिक थंड होतो, आणि म्हणून बाहेर फारशी थंडी नसतानाही सकाळी छप्पर आतून ओले दिसते. लोक याला गळती समजतात आणि पत्र्याचे स्क्रू बदलत बसतात.

थंड हवामानात बाष्प आतून बाहेर जाते, म्हणून बाष्परोधक थर फोमच्या आतल्या, उबदार बाजूला हवा. उष्ण व दमट हवामानात, आणि विशेषतः खोलीत एअर कंडिशनर चालत असेल तेव्हा, दिशा उलटते: ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू जवळजवळ २४ अंश असतो, आणि २४ अंशांपेक्षा थंड केलेल्या खोलीच्या आतल्या पृष्ठभागांपाशी ती पोहोचली तर तेथे ओल धरते. अशा ठिकाणी बाष्परोधक थर बाहेरच्या बाजूला असावा आणि आतून प्लास्टिकचा कागद लावू नये. कोणत्याही हवामानात लागू पडणारा नियम असा की लाकडाला किमान एका बाजूने वाळण्याची मोकळीक हवी. दोन बाष्परोधक थरांमध्ये अडकलेले प्लायवूड एकदा ओले झाले की कुजेपर्यंत ते ओलेच राहते. त्यामुळे काम सुरू करताना छपराचे लाकूड पूर्ण वाळलेले आहे आणि खरी गळती कोठेही नाही, याची खात्री पावसानंतर करून घ्यावी.

बाष्प पदार्थांतून झिरपते त्यापेक्षा फटींतून वाहणाऱ्या हवेबरोबर कितीतरी अधिक प्रमाणात जाते. म्हणूनच महागडा तक्ता आणि उघडे सांधे यांपेक्षा साधा तक्ता आणि नीट बंद केलेले सांधे केव्हाही चांगले.

चौथी पायरी: फोमचा प्रकार

आपण ज्याला थर्माकोल म्हणतो तो ईपीएस, म्हणजे मणी फुगवून बनवलेला पॉलिस्टायरिन फोम. त्याची उष्णतावाहकता (ती जितकी कमी, तितकी उष्णता अधिक अडते) साधारण ०.०३६ ते ०.०३८ वॉट प्रति मीटर-केल्विन असते. ग्रॅफाइट मिसळलेल्या करड्या प्रकाराची ०.०३१ च्या आसपास असते. त्यातील बहुतेक आकारमान हवेचेच असल्यामुळे त्याचा रोध वर्षानुवर्षे जवळजवळ तसाच राहतो, हा त्याचा मोठा आणि कमी बोलला जाणारा गुण आहे. मात्र मण्यांमधल्या बारीक जागांत थोडे पाणी शिरते, म्हणून दीर्घकाळ ओल राहणाऱ्या जागी तो वापरू नये. शिवाय खोक्यांत वस्तू बांधण्यासाठी मिळणारे भुसभुशीत थर्माकोल आणि बांधकामाचे ईपीएस एक नव्हे. छपरासाठी दर घनमीटरला किमान १५, आणि शक्यतो २० किलो घनतेचा तक्ता घ्यावा.

एक्सपीएस हाही पॉलिस्टायरिनच, पण यंत्रातून दाबून अखंड तक्त्याच्या रूपात काढलेला. त्याच्या पेशी बंद असतात, तो पाणी फारच कमी शोषतो आणि दाब चांगला सोसतो. सपाट छपरावर, जेथे माणूस चालणार आहे किंवा पाणी रेंगाळण्याची भीती आहे, तेथे त्याला तोड नाही. वाहकता ०.०३३ च्या आसपास असते. खरेदीपूर्वी तो कोणत्या वायूने फुगवला आहे हे जरूर विचारावे. पूर्वी सर्रास वापरला जाणारा एचएफसी-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ घडवतो, आणि ओझोन थर वाचवण्यासाठी झालेल्या मॉन्ट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. कार्बन डायऑक्साइडने किंवा नव्या, कमी घातक वायूंनी फुगवलेला एक्सपीएस मिळत असेल तर तोच घ्यावा.

पीआयआर, म्हणजे पॉलिआयसोसायन्युरेट, हा पफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेनचा जवळचा भाऊ आहे. दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियम फॉइल लावलेल्या पीआयआर तक्त्याची वाहकता ०.०२२ ते ०.०२६ असते, म्हणून जागा कमी असलेल्या वाशांमध्ये तो सर्वाधिक काम करतो. सांध्यांवर फॉइलची चिकटपट्टी लावली की तो स्वतःच बाष्परोधक बनतो. त्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पेशींतला वायू काळानुसार हळूहळू बदलत असल्यामुळे रोध काही प्रमाणात घटतो, म्हणून नव्या तक्त्याची नव्हे तर दीर्घकालीन वाहकता पाहावी. तसेच कडाक्याच्या थंडीत त्याचा रोध कमी होतो. फार थंड प्रदेशात बाहेरच्या बाजूला पॉलिस्टायरिनचा आणि आत पीआयआरचा थर देणे अधिक शहाणपणाचे ठरते.

फिनॉलिक फोमची वाहकता आणखी कमी, सुमारे ०.०२० असते, पण तो ठिसूळ असतो आणि ओल त्याला मानवत नाही. शेडसाठी तो क्वचितच आवश्यक ठरतो.

उन्हाचा मुद्दा येथेच निकालात काढायला हवा. गडद रंगाचा पत्रा भर उन्हात ७० अंशांच्याही वर जाऊ शकतो, तर ईपीएस आणि एक्सपीएस यांची सततच्या वापराची मर्यादा साधारण ७५ ते ८० अंश आहे. मर्यादेच्या इतक्या जवळ राहणारा तक्ता आकसतो, वाकतो आणि सांधे उघडतात. म्हणून गडद पत्र्याला टेकवून पॉलिस्टायरिन बसवू नये. मध्ये हवा खेळती ठेवावी, किंवा पत्र्याला पांढरा परावर्तक रंग द्यावा, किंवा अधिक तापमान सोसणारा पीआयआर वापरावा. उष्ण प्रदेशात पांढरा रंग हे सर्वांत आधी करण्याचे काम आहे, कारण तो उष्णता छपरात शिरण्यापूर्वीच परतवतो.

फॉइलच्या चमकेविषयी बराच गैरसमज आहे. फॉइल किरणांच्या रूपाने येणारी उष्णता तेव्हाच अडवते जेव्हा तिच्यासमोर किमान २० ते २५ मिलिमीटरची हवेची पोकळी असते. पत्र्याला किंवा प्लायवूडला चिकटलेली फॉइल त्या बाजूने उष्णतेच्या दृष्टीने काहीही करत नाही.

पाचवी पायरी: जाडीचे गणित

तक्त्याचे आर-मूल्य, म्हणजे उष्णतेला होणारा रोध, काढणे सोपे आहे: मीटरमधली जाडी भागिले वाहकता. ५० मिलिमीटर पीआयआर म्हणजे ०.०५० भागिले ०.०२२, म्हणजे २.२७. तेवढाच रोध साधण्यासाठी एक्सपीएस ७५ मिलिमीटर, ग्रॅफाइटचा ईपीएस ७० मिलिमीटर आणि साधा ईपीएस ८२ मिलिमीटर लागतो. उंचीची अडचण नसेल तर जाड पण साधा ईपीएस हा उत्तम पर्याय आहे. तुलना करताना तक्त्याच्या किमतीची नव्हे, तर समान आर-मूल्याच्या प्रति चौरस मीटर किमतीची करावी.

जाडी किती असावी हे ठरवताना घटत्या लाभाचा विचार करावा. नुसत्या पत्र्याच्या छपरातून, दोन्ही बाजूंच्या हवेच्या थरांचा रोध धरूनही, दर चौरस मीटरला आणि दर अंश फरकाला सुमारे ७ वॉट उष्णता जाते. २५ मिलिमीटर साध्या ईपीएसने हा आकडा १.२ वर येतो, ५० मिलिमीटरने ०.६५ वर, १०० मिलिमीटरने ०.३४ वर आणि १५० मिलिमीटरने ०.२३ वर. २० चौरस मीटरच्या छपरावर आतबाहेर ३० अंशांचा फरक असेल तर पहिल्या २५ मिलिमीटरने साडेतीन हजार वॉट वाचतात, आणि शेवटच्या ५० मिलिमीटरने जेमतेम ६५. कधीमधी वापरण्याच्या शेडला ५० मिलिमीटर ईपीएसइतका रोध पुरेसा आहे. रोज गरम किंवा थंड केल्या जाणाऱ्या खोलीसाठी १०० मिलिमीटर किंवा अधिक धरावेत, आणि स्थानिक बांधकाम नियम अशा खोलीला लागू होतात का हे आधी तपासावे. भिंती, दरवाजा आणि खिडक्या उघड्याच असतील तर छपरावर आणखी जाडी चढवण्यात अर्थ नाही.

वाशांमध्ये फोम भरताना बहुतेक जण लाकूड विसरतात. समजा, ५० मिलिमीटर रुंदीचे वासे ४०० मिलिमीटर अंतरावर आहेत आणि त्यांच्यामध्ये १०० मिलिमीटर पीआयआर बसवला आहे. तक्त्याचे आर-मूल्य ४.५५ असले तरी लाकडाची वाहकता ०.१३ असल्यामुळे वाशांच्या जागी ते केवळ ०.७७ मिळते, आणि छपराचा आठवा भाग वाशांनी व्यापलेला असतो. दोन्ही मिळून त्या थराचे सरासरी मूल्य २.८ च्या आसपास उतरते. जवळजवळ चाळीस टक्के रोध लाकडातून निसटतो. आता याच वाशांच्या खालून २५ मिलिमीटर पीआयआरचा अखंड थर लावला तर सरासरी पुन्हा ४.५ वर जाते. वाशांमध्ये अधिक भरण्यापेक्षा वाशांवरून अखंड जाणारा पातळ थर किती मोलाचा आहे, हे यावरून दिसते. लोखंडी सांगाड्यात तर हे अनिवार्यच समजावे, कारण पोलाद लाकडाच्या शेकडो पट उष्णता वाहून नेते.

सहावी पायरी: आग आणि वायरिंग

सर्व कडक फोम सेंद्रिय पदार्थ आहेत आणि सर्व जळू शकतात. पॉलिस्टायरिन वितळून थेंबाथेंबाने जळत खाली पडते. पीआयआर वितळत नाही, त्यावर कोळशाचा थर धरतो आणि तो ज्वाळा काहीशी रोखतो, पण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. पाकिटावर ‘अग्निरोधक’ लिहिलेले असले तरी कोणताही फोम खोलीत उघडा ठेवू नये. १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड हे किमान आच्छादन आहे, आणि वेल्डिंग, ग्राइंडर किंवा चूल असलेल्या कार्यशाळेत तर त्यात कोणतीही तडजोड नको. छपराच्या वजनाचा हिशेबही या बोर्डामुळेच करावा लागतो: २० किलो घनतेचा १०० मिलिमीटर ईपीएस दर चौरस मीटरला फक्त २ किलो भरतो, पण जिप्सम बोर्ड ८ ते १० किलो. जुन्या, बारीक वाशांना ते पेलेल का, हे आधी पाहावे.

पीव्हीसी आवरणाची वायर पॉलिस्टायरिनला टेकून ठेवू नये. आवरणातले मऊ करणारे द्रव्य फोममध्ये उतरते आणि आवरण ठिसूळ होते. वायर स्वतंत्र नळीतून न्यावी, आणि ती फोममध्ये गाडली जात असेल तर तिची विद्युतभार वाहण्याची क्षमता कमी होते, हे इलेक्ट्रिशियनच्या कानावर घालावे.

जुने पॉलिस्टायरिनचे तक्ते स्वस्तात मिळत असतील तर थोडे थांबावे. त्यांत पूर्वी वापरले जाणारे एचबीसीडी हे ज्वलनरोधक २०१३ मध्ये, निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत घातक म्हणून समाविष्ट झाले. आणि कोणत्याही फोमचे तुकडे कधीही जाळू नयेत.

सातवी पायरी: खरेदी आणि बसवणी

तक्त्यावर किंवा त्याच्या पत्रकावर वाहकता, घनता, दाबसहनक्षमता आणि अग्निवर्ग ही चार माहिती छापलेली असावी. ती नसेल तर एक सोपी परीक्षा आहे: वजनकाट्यावर तक्ता ठेवावा. १ मीटर बाय १ मीटर बाय ५० मिलिमीटरचा, २० किलो घनतेचा ईपीएस तक्ता बरोबर १ किलो भरला पाहिजे. पाऊण किलो भरला तर घनता १५ आहे. जाडी चारही कोपऱ्यांवर मोजावी. वाकलेले, कोपरे फुटलेले किंवा उन्हात पिवळे पडलेले तक्ते घेऊ नयेत.

एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर, वरच्याचे सांधे खालच्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे बसवावेत. ईपीएस आणि एक्सपीएस लांब पात्याच्या धारदार चाकूने किंवा तापलेल्या तारेने कापता येतात, आणि तार वापरताना खोली हवेशीर ठेवावी. पीआयआरला बारीक दात्यांची करवत चांगली, आणि तोंडावर मास्क व डोळ्यांवर चष्मा हवाच. वाशांमधले अंतर प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, त्यामुळे प्रत्येक तुकडा मोजूनच कापावा. तक्ता ठोकून घट्ट बसवण्याचा प्रयत्न केला की कोपरा फुटतो आणि मागे न दिसणारी फट राहते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना सुमारे ५ मिलिमीटर जागा सोडून ती डब्यातल्या पॉलियुरेथेन फोमने भरावी आणि सांध्यावर फॉइलची पट्टी दाबून लावावी. पॉलिस्टायरिनसाठी चिकटद्रव्य घेताना ते पॉलिस्टायरिनला चालणारे असल्याचे लेबलवर वाचूनच घ्यावे, कारण द्रावकयुक्त चिकटद्रव्य आणि द्रावकयुक्त डांबरी लेप दोन्ही त्याला विरघळवतात.

फळ्यांवरच्या थराला नुसत्या चिकटद्रव्यावर सोडू नये. फोमवर रिपा ठेवून त्यांतून लांब स्क्रू थेट वाशात उतरवावेत, म्हणजे वारा छप्पर उचलू शकणार नाही. स्क्रू वाशात लागला की नाही हे हाताला कळते. हुकलेला स्क्रू तसाच न ठेवता काढून त्याचे छिद्र बंद करावे. काम चालू असताना उरलेले तक्ते सावलीत, वजनाखाली झाकून ठेवावेत, कारण ते वाऱ्याने सहज उडतात आणि उन्हाने त्यांचा पृष्ठभाग खराब होतो.

वळचण आणि आढे या दोन जागा सर्वांत जास्त वेळ मागतात. भिंतीचे इन्सुलेशन आणि छपराचे इन्सुलेशन तेथे एकमेकांना भिडले पाहिजे, नाहीतर भिंतीच्या वरच्या कडेने बुरशीची काळी रेघ उमटते. हवेच्या फटींच्या तोंडाशी बारीक छिद्रांची धातूची जाळी लावावी, कारण उंदीर, मुंग्या आणि वाळवी फोम खात नसले तरी त्यात बोगदे करून राहतात. जिप्सम बोर्ड चढवण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात शेड आतून बंद करून वर पाहावे; हवा खेळवण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या पोकळीच्या खालच्या थरात कोठेही प्रकाशाची रेषा दिसली तर ती जागा आधी बंद करावी. पहिल्या थंडीत आणि पहिल्या पावसात बोर्डाच्या सांध्यांजवळ डाग पडतो का हे पाहण्यासाठी एखादा बोर्ड फक्त स्क्रूवर, सांध्यांत लांबी (पुट्टी) न भरता ठेवावा, म्हणजे तो काढून आतले लाकूड हाताने तपासता येते.